कॉट्सवोल्ड्सची जुनी चर्चेस : भिंतीवरचा चुना आणि दीडशे वर्षांचा वाद

कॉट्सवोल्ड्स हा इंग्लंडमधला टेकड्यांचा टापू. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ग्लॉस्टरच्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास केंबल येते. तिथून सायरेन्सेस्टर सहा-सात किलोमीटर. पुढे नॉर्थलीच, बर्फर्ड, लेचलेड, फेअरफर्ड असा फेरा मारून स्विंडनला परतीची गाडी धरता येते. या गावांना जोडणाऱ्या बस कमी आहेत आणि रविवारी तर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाड्याची गाडी सोयीची. सोबत दुर्बीण आणि चांगली बॅटरी हवी. पाऊस लागला तर खट्टू होऊ नये. पन्हळ कुठे तुंबली आहे, नळ कुठे फुटला आहे आणि भिंत कुठे पाणी पिते आहे, हे पावसातच कळते. जुन्या चर्चची तब्येत ओळखायची तर सर्वांत आधी पाण्याची वाट शोधावी लागते.

इंग्लंडमध्ये मध्ययुगीन गावचर्चेस हजारो आहेत. त्यांतला हाच टापू निवडायला कारण आहे. इथला दगड बारीक गोल दाण्यांचा, मधाच्या रंगाचा चुनखडक आहे, कोरायला मऊ आणि उघड्यावर ठेवला की कडक होणारा. पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापारातून इथे अमाप पैसा आला आणि तो चर्चमध्ये ओतला गेला. एकोणिसाव्या शतकात त्याच इमारतींच्या जीर्णोद्धारावरून जे भांडण पेटले, त्यातून जुन्या वास्तूंच्या जतनाचा आजचा विचार घडला. त्या भांडणाच्या दोन्ही बाजू या रस्त्यावर जवळजवळ उभ्या आहेत.

दिवस पहिला : सायरेन्सेस्टर

बाजारचौकाला लागूनच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. दर्जाने हे गावचे, म्हणजे एका धर्मग्रामाचे चर्च, पण आकार कॅथेड्रलला शोभावा असा. आत जायच्या आधी कालखंड ओळखायची खूण पक्की करून घ्यावी. वास्तुरचनाकार थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये इंग्रजी मध्ययुगीन बांधकामाची जी विभागणी केली, तीच आजही वापरात आहे. अर्धगोल कमान, जाड खांब आणि नागमोडी नक्षी दिसली की नॉर्मन, साधारण ११९० पर्यंतचे. टोकदार अरुंद खिडक्या असल्या तर अर्ली इंग्लिश, तेरावे शतक. खिडकीच्या माथ्यावर दगडी जाळीची वळणदार वेलबुट्टी असली तर डेकोरेटेड, म्हणजे १३५० च्या आसपासपर्यंतचे. आणि खिडकीतले दगडी दांडे तळापासून माथ्यापर्यंत सरळ उभे चढत गेले असतील तर पर्पेंडिक्युलर, पुढची जवळजवळ दोनशे वर्षे. एकाच चर्चमध्ये चारही सापडतात. कोणती भिंत कोणत्या भिंतीला नंतर येऊन टेकली आहे, हे सांधे पाहून ठरवायचे.

दक्षिणेचा तीन मजली द्वारमंडप सुमारे १४९० चा. शेजारी असलेल्या मठाच्या व्यवहारासाठी तो बांधला गेला आणि १५३९ मध्ये मठ बंद होऊन पाडला गेल्यावर गावाचे सभागृह म्हणून वापरात आला. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मोठा भाग उतरवून पुन्हा रचला गेला. म्हणून इथे दगड एकेक करून पाहावेत. कड झिजून गोल झालेला दगड बहुधा जुना, कड धारदार आणि पृष्ठभाग एकसारखा सपाट असेल तो बदललेला. प्रवेशाच्या वर पंखाकृती दगडी छत आहे. या प्रकारात सगळ्या फासळ्यांची वळणे एकसारखी असतात, त्यामुळे गवंड्याला एकच साचा पुन्हापुन्हा वापरता येतो. आतल्या सेंट कॅथरिनच्या उपमंदिरातले १५०८ चे छत याच जातीचे.

मनोरा ४९ मीटर उंच. त्याच्या पैशाची हकीकत मोठी आहे. १४०० च्या जानेवारीत चौथ्या हेन्री राजाविरुद्ध उठलेल्या केंट आणि सॉल्झबरीच्या सरदारांना इथल्या गावकऱ्यांनी पकडून ठार केले, आणि राजाने बक्षीस म्हणून त्यांच्या मालमत्तेतला वाटा गावाला दिला. मनोऱ्यावर दगडी शिखर चढवायचा बेत होता. पण भार पेलवेना असे दिसताच ते काम सोडून बाजूंनी तिरक्या आधारभिंती उभ्या केल्या. त्या बाहेरून स्पष्ट दिसतात आणि मनोऱ्याच्या रेखीवपणाला न जुळता मध्येच घुसल्यासारख्या वाटतात. संकटातली दुरुस्ती अशीच उघडी दिसते, आणि ती तशीच दिसायला हवी, असे आमचे मत आहे.

आतले मुख्य दालन १५१५ ते १५३० या काळात पुन्हा उभारले गेले. खांबांच्या वर देवदूतांच्या हातात ढाली आहेत आणि ढालींवर पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यांची चिन्हे. दगडी व्यासपीठ पंधराव्या शतकातले, मद्याच्या चषकाच्या आकाराचे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या लाटेतून वाचलेली अशी व्यासपीठे थोडीच आहेत.

१८६५ ते १८६७ मध्ये इथे वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी जीर्णोद्धार केला. मुंबईकरांना हे नाव ओळखीचे असायला हवे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे याच स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढले. मुंबई त्यांनी कधी पाहिली नाही. ओव्हलवरून दिसणारी ती टोकदार कमानींची गॉथिक भाषा ज्या इमारतींवर हात फिरवून त्यांनी आत्मसात केली, त्यांतली ही एक.

त्या काळी जीर्णोद्धाराचा एक ठरलेला साचा होता. १८३९ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या कॅम्डेन सोसायटीने तो घालून दिला होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची गॉथिक शैली तेवढी खरी आणि नंतरचे सगळे उतरते, ही तिची धारणा. मग अठराव्या शतकातले सज्जे काढायचे, दारे असलेली खोक्यांसारखी बाके मोडून एकाच घाटाची नवी बसवायची, वेदीकडचा भाग उंच करायचा, रंगीत फरशी घालायची, भिंतींवरचा गिलावा खरवडून दगड उघडा पाडायचा, आणि उशिराच्या खिडक्या काढून ‘मूळ’ असाव्यात तशा नव्या घडवायच्या. यात चांगलेही घडले, ते नाकारू नये. गळकी छते आणि बाहेर झुकलेल्या भिंती घेऊन कित्येक चर्चेस कोसळायच्या बेतात होती. ती आज उभी आहेत ती या पिढीने घातलेल्या पैशामुळे आणि मेहनतीमुळे.

दिवस दुसरा : नॉर्थलीच

फॉस वे या रोमन रस्त्याने उत्तरेला सोळा किलोमीटर. सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्च जवळजवळ पूर्णपणे पंधराव्या शतकातले. लोकरीचा व्यापारी जॉन फोर्टी १४५८ मध्ये वारला. मधल्या दालनाची उंची वाढवून वर खिडक्यांची रांग काढायचे काम त्याच्या पैशातून झाले. त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर तो उभा आहे, एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या पोत्यावर. गावातल्या इतर व्यापाऱ्यांचे पत्रेही जवळपास आहेत. १९६० च्या दशकात आतली मांडणी वास्तुरचनाकार बॅझिल स्पेन्स यांनी बदलली. हे काम नेटके आहे, भिंतींना धक्का न लावणारे.

पितळी पत्रे दगडात खोबणी करून डांबरात बसवलेले असतात. त्यांचे शत्रू घरगुतीच आहेत. वर रबरी पाठीचा गालिचा अंथरला की खाली ओल साठते आणि पत्रा हिरवा पडतो. पॉलिश लावून घासले की कोरीव रेषा झिजतात. वटवाघळांच्या मुतानेही धातू झिजतो, आणि ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या सगळ्या जातींना कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना हाकलता येत नाही. पत्र्याच्या वर थोडे अंतर सोडून, हवा खेळेल असे आच्छादन घालणे एवढाच उपाय उरतो. कागद ठेवून पत्र्याचा ठसा घ्यायचा असेल तर आधी परवानगी लागते आणि शुल्कही भरावे लागते.

बाहेर येऊन छताकडे पाहावे. जुनी छते दगडी कौलांची आणि तीव्र उताराची असत. भिंत वाढवून वर खिडक्या काढल्यावर छत बसके झाले आणि बसक्या छतावर शिसेच घालावे लागते. अनेक चर्चमध्ये मनोऱ्याच्या पूर्व अंगावर जुन्या उतरत्या छताची तिरपी खूण राहिलेली असते, ती अवश्य शोधावी. शिसे उन्हाने फार पसरते. तीन मीटर लांबीच्या पत्र्यात तापमान ६० अंशांनी बदलले तर सुमारे ५ मिलिमीटर फरक पडतो. पत्रा लांबच लांब घातला किंवा सगळीकडून खिळला तर तो आधी फुगतो, मग सुरकुततो आणि शेवटी फाटतो. साडेतीन मिलिमीटर जाडीचा पत्रासुद्धा तीन मीटरच्या आत संपवून पायरी द्यावी लागते. दुसरा रोग खालून लागतो. आतली दमट हवा गार शिशाला टेकून पाणी होते आणि पत्रा पांढरी पूड होत झडतो, म्हणून फळ्यांच्या वर हवेला वाट ठेवतात. तिसरा त्रास चोरीचा. एका रात्रीत छप्पर उघडे पडते आणि पुढच्या पावसात गिलावा, वाद्ये, लाकूडकाम सगळे जाते. वारंवार चोरी झालेल्या ठिकाणी आता कथिलाचा मुलामा दिलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालायला परवानगी मिळते.

दिवस तिसरा : बर्फर्ड

गावाचा मुख्य रस्ता उतारावरून विंडरश नदीकडे जातो आणि तळाशी, उजव्या हाताला, सेंट जॉन बाप्टिस्ट. मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातला नॉर्मन, वरचा मजला आणि टोकदार शिखर पंधराव्या शतकातले. जुन्या पायावर नवा भार चढला म्हणून खालच्या कमानींना जास्तीचे बांधकाम घालून आवळावे लागले. मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहिले की कमानी भरून अरुंद केलेल्या दिसतात. व्यापारी संघाचे उपमंदिर आधी चर्चपासून वेगळे आणि थोडे तिरके उभे होते. पुढे ते मुख्य इमारतीला जोडले गेले, तो वाकडा सांधा अजून कळतो.

दोन गोष्टींसाठी इथे हमखास थांबावे. एक, एडमंड हार्मन याचे १५६९ चे स्मारक. हा आठव्या हेन्रीचा न्हावी. त्याच्या स्मारकावर अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या आकृती आहेत, ब्रिटनमधल्या अगदी पहिल्यांपैकी. दुसरी, बाप्तिस्मा कुंडाच्या शिशाच्या अस्तरात कोरलेले अँथनी सेडली या कैद्याचे नाव आणि १६४९ हे साल. त्या मे महिन्यात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातल्या बंडखोर लेव्हलर, म्हणजे सर्वांना समान हक्क मागणाऱ्या, शिपायांना या चर्चमध्ये कोंडले होते. तिघांना १७ मे रोजी आवारात गोळ्या घातल्या.

१८७० च्या दशकात इथे वास्तुरचनाकार जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांनी काम केले. १८७६ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस या वाटेने जात होते आणि जे दिसले त्याने अस्वस्थ झाले. धर्मगुरूंकडे त्यांनी तक्रार केली. त्यावर चर्च आपले आहे, मनात आले तर आपण त्यात डोक्यावरही उभे राहू, असे उत्तर मिळाल्याची कथा गावात आजही सांगतात. मॉरिस हे मूळचे स्ट्रीट यांच्याच कार्यालयातले शिकाऊ उमेदवार. पुढच्या मार्चमध्ये ट्यूक्सबरीच्या मठचर्चचा जीर्णोद्धार स्कॉट करत आहेत हे कळल्यावर त्यांनी ‘अथेनियम’ साप्ताहिकाला पत्र लिहिले, आणि २२ मार्च १८७७ रोजी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनाव पडले. तिच्या जाहीरनाम्याचा गाभा असा : रोजच्या निगराणीने झीज रोखा, कलणाऱ्या भिंतीला टेकू द्या, गळके छप्पर दुरुस्त करा, आणि हा टेकू वा हे ठिगळ दुसरे काही असल्याचा आव आणू नका. संस्था आजही चालू आहे.

खरवडण्याला एवढा विरोध का, हे भिंतीला हात लावल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यांचे आणि खिडक्यांच्या चौकटींचे दगड घडीव असतात, पण मधली भिंत ओबडधोबड दगडांची, चुन्यात रचलेली, वर गिलावा येणार हे धरूनच बांधलेली. गिलावा काढला की तिचे कातडेच जाते. त्यावरची चित्रे जातात. पाऊस थेट आत शिरतो. मग उघडे दगड शोभून दिसावेत म्हणून दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरतात, बहुतेक वेळा दगडाच्या पुढे आलेली फीत काढून. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे आहे, म्हणजे या भिंतींच्या मानाने ते कालचे पोर. सिमेंट कडक आणि घट्ट. भिंतीत शिरलेले पाणी पूर्वी दर्जांमधून वाळत असे, ते आता दगडातून बाहेर पडू लागते. पाण्याबरोबरचे क्षार दगडाच्या तोंडाशी स्फटिक बनून फुगतात, थंडीत बर्फ होते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी दगड मागे झिजलेला आणि सिमेंटची जाळी पुढे तरंगणारी, असे चित्र उरते. या भागात ते जागोजाग दिसते.

योग्य पद्धतीत दर्जा हाताने छिन्नी-हातोडीने उकरतात. यंत्राची चकती लावली की दगडाच्या कडा कापल्या जातात. रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिलिमीटर खोल उकरायचे, धूळ झटकून दर्ज ओली करायची, आणि एक भाग चुना, तीन भाग चांगली प्रतवारीची टोकेरी वाळू असा माल दाबून भरायचा. सुकत आल्यावर ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग खरखरीत ठेवायचा, म्हणजे वाफ सुटायला जागा राहते. वर ओले गोणपाट काही दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला ओलही लागते आणि वेळही. तापमान ५ अंशांखाली जाण्याचा धोका असेल तर काम करायचे नाही, म्हणून इंग्लंडमध्ये चुन्याचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. घाईने उन्हात सुकलेला माल बोटाने पुडीसारखा गळतो. दोष चुन्याला दिला जातो, पण चूक गोणपाट न घालणाऱ्याची असते.

दिवस चौथा : इंगलशॅम आणि केल्मस्कॉट

या सहलीत एकच जागा पाहायची असेल तर ही. लेचलेडच्या हाफपेनी पुलावरून थेम्सच्या काठाने वर चालत गेले की अर्ध्या तासाच्या आसपास इंगलशॅमचे सेंट जॉन बाप्टिस्ट येते. मोटाररस्त्याने चालत जाऊ नये, वाहतूक वेगाची आहे आणि पदपथ नाही. चर्च लहान. मनोरा नाही, पश्चिमेच्या टोकावर दोन घंटांची दगडी चौकट आहे. बांधकाम बहुतांशी तेराव्या शतकातले. सुमारे १२०५ मध्ये जॉन राजाने हे ब्यूली मठाच्या भिक्षूंना दिले.

दार उघडताच लक्षात येते की इथे कुणी साफसफाईच्या नावाखाली हात फिरवलेला नाही. सतराव्या-अठराव्या शतकातली खोक्याची बाके वाकडीतिकडी, आपापल्या उंचीची. व्यासपीठावर लाकडी छत्र आहे, आवाज खाली परतावा म्हणून. त्यापलीकडे पंधराव्या शतकातले लाकडी जाळीचे पडदे. दक्षिणेच्या भिंतीत माता आणि बाळाचे सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या, काळातले शिल्प, वर देवाचा हात. हे पूर्वी बाहेरच्या भिंतीत होते आणि त्यावर सूर्यघड्याळाच्या रेघा पाडल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आत आणले, नाहीतर पावसाने ते आणखी झिजले असते.

आणि भिंती. तेराव्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची रंगवलेली चित्रे आणि अक्षरे एकावर एक आहेत, काही जागी सात थरांपर्यंत. मध्ययुगात संतांची चित्रे, वेलबुट्टी. १५४७ नंतर सहाव्या एडवर्डच्या राज्यात चित्रांवर चुना फिरला आणि त्यावर बायबलची वचने लिहिली गेली. पुढच्या पिढ्यांनी ती पुन्हा पांढरी करून नवी लिहिली. वरचा चुना उडालेल्या जागी दहा आज्ञांच्या अक्षरांमधून देवदूताचा पंख डोकावतो. बॅटरी भिंतीला जवळजवळ समांतर धरून प्रकाश पाडला तर थरांच्या कडा उठून दिसतात.

हे सगळे टिकले ते १८८८-८९ च्या दुरुस्तीमुळे. मॉरिस जवळच केल्मस्कॉटला राहत. त्यांनी पैसे मिळवून दिले आणि वास्तुरचनाकार जे. टी. मिकलथ्वेट यांनी काम पाहिले. छत दुरुस्त केले, भिंती सावरल्या, बाके तशीच ठेवली, गिलाव्याला हात लावला नाही. मॉरिसच्या खटपटीने ही दुरुस्ती झाली आणि त्यांचा या चर्चवर जीव होता, असे सांगणारी छोटी पाटी आत आहे. बर्फर्ड पाहून आदल्याच दिवशी निघालेल्या माणसाला फरक समजावून सांगावा लागत नाही. उपासना थांबल्यावर हे चर्च ‘चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट’कडे आले. १९६९ मध्ये स्थापन झालेला हा न्यास आज साडेतीनशेहून अधिक चर्चेस सांभाळतो. दिवसा ते उघडे असते, प्रवेश मोफत, दानपेटीत काहीतरी टाकून यावे.

इंग्लंडमधली अशी चित्रे बहुतेक वेळा सुकलेल्या चुन्यावर काढलेली आहेत, त्यामुळे रंग वरवर धरलेला असतो. वरचा थर काढून खालचा पाहायचा म्हणजे वरचा नष्ट करायचा, म्हणून हल्ली उघडण्यापेक्षा जागच्या जागी घट्ट करण्याकडे कल असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जतनासाठी चित्रांवर मेण फासण्याची चाल होती. मेणाखाली ओल कोंडली, क्षार साठले, वर काजळी धरली आणि कित्येक ठिकाणी ते मेण पुढे महाकष्टाने काढावे लागले. सुटलेल्या गिलाव्यामागे आता पातळ चुन्याचा माल पिचकारीने सोडतात आणि कडा चुन्यानेच बांधतात. रविवारी दोन तास जोरात तापवून आठवडाभर गार ठेवलेले चर्च चित्रांना सर्वांत वाईट. हवा एकदम कोरडी झाली की क्षार स्फटिक होतात, ओली झाली की विरघळतात, आणि प्रत्येक वेळी रंगाचा कण सुटतो.

जिथे चित्रे नाहीत तिथे नवा चुन्याचा हात द्यायचा तर तो ताकासारखा पातळ हवा. भिंत आधी ओली करून चार-पाच हात द्यायचे, दोन हातांमध्ये किमान एक दिवस. दाट लावला की तडकून पापुद्रे येतात. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि सुकल्यावर पांढरा होतो. हे ठाऊक नसलेला माणूस हमखास जाड लावतो.

बाहेर जमिनीची पातळी पाहावी. शेकडो वर्षांच्या दफनांमुळे चर्चचे आवार आतल्या फरशीपेक्षा उंच झालेले असते आणि भिंतीचा पाय ओल्या मातीत गाडला जातो. माती उतरवून उथळ चर काढायचा आणि छताचे पाणी भिंतीपासून दूर न्यायचे. चर खोल खणला तर पायाच उघडा पडतो, कारण मध्ययुगीन पाया पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतका उथळ असतो. खणताना अस्थी निघतात, त्यामुळे पुरातत्त्वज्ञ हजर लागतो.

दुपारनंतर केल्मस्कॉट, लेचलेडपासून नदीकाठाने पाचेक किलोमीटर. सेंट जॉर्ज चर्चच्या आवारात मॉरिस यांची समाधी आहे. १८९६ मध्ये ते वारले. आढे आणि दोन उतार असलेल्या घराच्या छतासारखा हा दगड वास्तुरचनाकार फिलिप वेब यांनी कल्पिला. गावातली घरे आणि गोठे पाहिले की ती कल्पना कुठून आली ते कळते. इथली दगडी कौले वळचणीला मोठी आणि आढ्याकडे लहान लहान होत जातात. खाणीतून मिळेल तसा दगड वाया न घालवता वापरण्याचा हा मार्ग, शिवाय जड कौले भिंतीवर आणि हलकी वाशांच्या माथ्यावर येतात. प्रत्येक कौलाला एक भोक, त्यात ओकची खुंटी, ती रिपेवर अडकवलेली. वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास. खुंट्या कुजल्या की कौले घसरतात. ती उतरवून, खणखण वाजवून, बद्द आवाजाची बाजूला काढून उरलेली पुन्हा चढवता येतात. खालून फोम फवारून कौले चिकटवण्याचा स्वस्त उपाय कुणी सुचवला तर मुळीच ऐकू नये. वासे हवेअभावी कुजतात आणि एकही कौल पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही.

दिवस पाचवा : फेअरफर्ड

सेंट मेरी चर्च लोकरीचा व्यापारी जॉन टेम याने पंधराव्या शतकाच्या शेवटी नव्याने बांधायला घेतले. तो १५०० मध्ये वारला आणि मुलगा एडमंड याने काम पुरे केले. इमारत सुंदर आहे, पण लोक येतात ते काचांसाठी. एकूण २८ खिडक्या, सुमारे १५०० ते १५१५ या काळातल्या. इंग्लंडमधल्या गावचर्चमध्ये इतका पूर्ण संच दुसरीकडे राहिलेला नाही. राजाचा काचकार बार्नार्ड फ्लॉवर याच्या कारखान्याशी त्यांचा संबंध जोडतात.

क्रम लावून पाहावे. उत्तरेला, लाकडी पडद्याजवळच्या खिडकीत जुन्या करारातली चार दृश्ये : हव्वेला मोह, जळते झुडूप आणि मोशे, गिदोनची लोकर, शलमोन आणि शबाची राणी. तिथून पूर्वेकडे मरीयेचे आणि ख्रिस्ताचे चरित्र. मागे वळले की दक्षिणेला प्रेषित आणि समोर उत्तरेला संदेष्टे, एकमेकांकडे तोंड करून. वरच्या रांगेत दक्षिणेला धर्मासाठी हुतात्मा झालेले, उत्तरेला छळ करणारे आणि त्यांच्या डोक्यावर जाळीत बसलेली भुते. पश्चिमेला अंतिम न्याय, खाली तांबड्या-निळ्या ज्वाळांत नरक. तो दुपारी, सूर्य पश्चिमेला उतरल्यावर पाहावा. पूर्वेकडच्या खिडक्या सकाळी.

अंतिम न्यायाच्या खिडकीत वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग दुर्बिणीने ताडून पाहावा. १७०३ च्या महावादळात पश्चिमेच्या काचांची नासधूस झाली. १८६० च्या दशकात चान्स ब्रदर्स या काच कारखान्याने वरचा भाग उतरवून त्याजागी नक्कल बसवली. रंग बरोबर, आकृत्या बरोबर, पण रेषेला जीव नाही. काच एकसारख्या जाडीची असल्याने प्रकाश तिच्यात अडखळत नाही. जुन्या काचेतले बुडबुडे आणि चढउतारच तिला चमक देतात. त्याच शतकात इंग्लंडहून वसाहतींमध्येही काचा जात होत्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या आहेत, त्या पाहिलेल्यांना हा फरक इथे चटकन जाणवेल.

अशी खिडकी घडवताना रंग बहुतेक काचेतच असतो. तांबडी काच आरपार तांबडी केली तर काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर तांबड्याचा पातळ थर चढवतात. पिवळा चांदीच्या संयुगातून येतो, तो भाजताना काचेत शिरतो. चेहरे आणि घड्या लोखंड वा तांब्याची भस्मे आणि काचेची पूड यांच्या काळ्या रंगाने रंगवून सहाशे-साडेसहाशे अंशांना भाजतात. तुकडे दोन्ही बाजूंनी खोबण असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे झाळतात. सर्वांत नाजूक तो काळा रंग. आतल्या बाजूने रोज दव धरले की तो सुटतो, आणि फडक्याने पुसणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाताने चेहराच पुसला जातो. बाहेरून पाणी काचेतले पोटॅश ओढून घेते आणि तपकिरी खपली धरते. ती आम्लाने काढण्याचे प्रयोग काचेलाच खातात.

दुसऱ्या महायुद्धात या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. १९८८ ते २०१० या काळात यॉर्कच्या बार्ली स्टुडिओने त्या टप्प्याटप्प्याने दुरुस्त केल्या. अशा कामात आधी प्रत्येक तुकड्याची नोंद होते, फुटलेल्या तुकड्यांवर पूर्वी घातलेल्या शिशाच्या ठिगळांच्या पट्ट्या काढून कडा पारदर्शक राळेने जोडतात, हरवलेल्या जागी नवा तुकडा घालून त्यावर साल टाकतात. आज रूढ असलेले संरक्षण असे : जुन्या खोबणीत नवी साधी काच बसवायची आणि जुनी खिडकी कांस्याच्या चौकटीत काही सेंटिमीटर आत घ्यायची. मधल्या पोकळीला वर आणि खाली फट ठेवली की चर्चमधलीच हवा तिथे फिरते, जुन्या काचेची दोन्ही अंगे एकाच तापमानाला राहतात आणि दव बाहेरच्या नव्या काचेवर धरते. फट बुजली किंवा कोळ्यांनी भरली तर ही सगळी योजना उलटते, म्हणून त्या फटी वर्षातून एकदा तपासाव्या लागतात.

यातले कोणतेही मोठे काम धर्मगुरूच्या एकट्याच्या मनावर होत नाही. त्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते आणि त्याआधी तज्ज्ञांची समिती सल्ला देते. १९५५ च्या कायद्याने दर पाच वर्षांनी वास्तुरचनाकाराकडून पाहणीही सक्तीची झाली. पन्हळी साफ करण्यासारख्या किरकोळ देखभालीला मात्र परवानगीची खटपट नाही. ते काम वर्षातून दोनदा व्हावे, एकदा पानगळ संपल्यावर आणि एकदा वसंतात, डोमकावळ्यांची घरटी काढून. फेअरफर्डहून स्विंडन गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येते. आवारातून बाहेर पडण्याआधी उत्तरेच्या बाजूने एक फेरी मारून पावसाचे नळ पाहावेत. ऊन न लागणाऱ्या त्या अंगाला शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला, तर त्याच्या बरोबर वर पन्हळ तुंबलेली असते.